कोकरं पुन्हा पुन्हा हगतात: हर्बल पावडर टाकण्याआधी काय तपासायचं

लक्षणं

लेंड्या सुट्ट्या पडायच्या थांबतात. आधी एकमेकींना चिकटून पडतात, मग म्हशीच्या शेणासारखा पो होतो, मग नुसतं पाणी. शेपटी आणि मांड्या माखतात, माश्या बसतात. कोकरू आईला लुचतं, पण मधेच सोडून पाठ वाकवून उभं राहतं. औषध पाजलं की चार दिवस बरं, पंधरवड्यात पुन्हा तेच, आणि बहुतेक वेळा एकाच वयाच्या कोकरांत. मोठ्या मेंढ्या मात्र ठणठणीत.

पडलेलं नीट बघा, त्यातूनच निम्मं कळतं. करडं, बुडबुडे असलेलं, आंबूस वासाचं आणि त्यात दाणे किंवा भाताची शितं असतील तर खाण्यात गडबड आहे. काळपट, शेंबूड आणि रक्ताचे धागे असलेलं, कोकरू कुंथत असलेलं, वय साधारण तीन आठवडे ते पाच महिने, तर रक्ती हगवणीचा म्हणजे कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा संशय पहिला घ्या. तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे. आणि पिचकारीसारखं पाणी, नाक धरावं इतकी घाण, शिवाय कोकरू पाणथळ खाचरात चरलेलं, तर चपट्या कृमींची पिल्लं. शेवटचं ध्यानात ठेवा, पुढे त्यावर बरंच बोलायचं आहे.

कोकणात मेंढी मुळात कमी. पाऊस तिला मानवत नाही. भात कापून झाल्यावर, दिवाळीनंतर, घाट उतरून धनगरांचे वाडे येतात, रिकाम्या खाचरांत मेंढरं बसवतात आणि मृगाआधी परत वर जातात. हगवणीच्या हाका याच काळात येतात, आणि एकदा नाही, त्याच वाड्यावरून दर महिन्याला. जे थोडे लोक इथे कायमची मेंढी राखतात त्यांचंही दुखणं हेच, फक्त पावसाळ्यात दुप्पट. शेळीवाल्यांनी ‘कोकरू’च्या जागी ‘करडू’ वाचलं तरी बहुतेक सगळं लागू पडेल; जिथे नाही पडत तिथे सांगेन.

मी पोचतो तेव्हा पावडरीचा डबा बहुधा आधीच उघडलेला असतो. ओवा, हळद, लसूण, कुडा, त्रिफळा, वर ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’. पावडर वाईट असते असं माझं म्हणणं नाही. तिचा नंबर पाचवा-सहावा लागतो आणि लोक तिला पहिली बसवतात, म्हणून हगवण उलटते.

१. कोकरू हातात घ्या

खर्च शून्य, थर्मामीटर घेतलात तर थोडा.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच बसली तर ठीक. दोन सेकंदांहून जास्त उभी राहिली तर अंगातलं पाणी आटलंय. डोळे खोल गेले असतील आणि तोंड आतून गार लागत असेल तर घरगुती उपायांची वेळ टळली आहे.

खालची पापणी उलटून बघा. आतला रंग लालसर-गुलाबी हवा. पांढरा फटक असेल, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत असेल, तर पोटात रक्त पिणारा गोल जंत आहे, हीमॉन्कस. गंमत अशी की हा जंत एकटा असेल तर बहुधा हगवण लावतच नाही. लोक हगवणीकडे बघत राहतात आणि कोकरू रक्त आटून मरतं. पापणीच्या रंगाचा पाच पायऱ्यांचा एक तक्ता दक्षिण आफ्रिकेत तयार झाला, फमाचा नावाचा. १ म्हणजे लाल, ५ म्हणजे कागद. तक्ता हाताशी नसला तरी कळपातल्या धडधाकट मेंढीची पापणी शेजारी धरून फरक कळतो.

ताप सकाळी उन्हं चढण्याआधी बघा. १०२ ते १०३.५ फॅरनहाइट ही मेंढीची नेहमीची पातळी. एप्रिलच्या दुपारी चांगलं कोकरूही १०४ दाखवतं, म्हणून दुपारचा आकडा फसवा.

२. चार दिवसांत खाण्यात काय बदललं?

हा प्रश्न विचारला की उत्तर येतं, “काय नाय, नेहमीचंच.” पुन्हा विचारा. फेब्रुवारी ते मे असेल तर सरळ काजूच्या बागेत जाऊन बघा. बी काढून बोंडूंचे ढीग झाडाखाली सोडलेले असतात, दुपारपर्यंत आंबतात, आणि कोकरं त्यावर तुटून पडतात. एका वाड्यावर सकाळी हगणारी सगळी कोकरं म्हातारीच्या राखणीतली निघाली. बाकीची पोरांबरोबर माळावर जात होती. म्हातारी बोंडूच्या ढिगाशेजारी सावलीत बसायची, कोकरं तिच्याभोवती. कोकरांच्या ओठांवर बोंडूच्या रसाचे चिकट डाग होते. ढीग काट्यांनी झाकला, तिसऱ्या दिवशी लेंड्या सुट्ट्या पडल्या. औषध काही दिलं नाही.

मे महिन्यात हेच काम फणसाची चारखंडं आणि आंब्याच्या साली करतात. लग्नसराईत उरलेला भात. साखर आणि पिष्ट एकदम पोटात गेलं की ओटीपोटातले (म्हणजे चारा जिथे आंबतो त्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) आम्ल करणारे जंतू माजतात, पोट आंबतं, आतड्याची आतली कातडी सोलवटते. कोकरू दात खातं, डाव्या कुशीवर थाप मारली तर पाणी डचमळतं. खुराकाचंही तसंच: भरडा सुरू करायचा तो चिमूटभरापासून, दहा-पंधरा दिवसांत चढवत. एका दिवसात वाटीभर दिला तर महागातला भरडाही विष.

याच ठिकाणी एक धोका सांगून ठेवतो. धष्टपुष्ट कोकरू, कळपातलं सगळ्यात चांगलं, रात्री बरं आणि सकाळी मेलेलं. हा आंत्रविषार. भरपूर दाणा किंवा एकदम कोवळा चारा मिळाला की आतड्यातले क्लॉस्ट्रिडियम जंतू विष सोडतात. त्यावर पावडर नाही, पाला नाही, औषधालाही वेळ मिळत नाही. लस आहे, ती पावसाळ्याआधी टोचायची आणि पहिल्यांदा टोचणाऱ्या कोकराला दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस.

अगदी लहान, महिन्याच्या आतल्या कोकरांत चौकशी वेगळी. चीक पहिल्या दोन तासांत मिळाला का? आईचं एक आचळ बंद आहे का? बाटलीवर असेल तर बाटली उकळता का, की नुसती विसळता? दिवसाचं दूध दोनदा पोटभर देण्यापेक्षा चार-पाचदा थोडं द्या.

३. रात्री कुठे कोंडता?

माझ्या मते उलटून येणाऱ्या हगवणीचं पहिलं कारण हे, आणि सगळ्यात दुर्लक्षित. धनगर वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून कोकरं आत ठेवतात. मेंढरांची बसण्याची जागा बदलते, कारण शेतवाल्याला खत सगळीकडे हवं असतं. कोकरांची वाघर मात्र बिऱ्हाडाजवळ, त्याच आंब्याखाली, महिना महिना.

कॉक्सिडियाची अंडी शेणातून बाहेर पडतात तेव्हा लगेच बाधा करत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की दोन-चार दिवसांत पिकतात, मग तीच कोकराच्या तोंडात. म्हणजे वाघर दर दुसऱ्या दिवशी दहा पावलं सरकवली तर अंडी पिकेपर्यंत कोकरं तिथे नसतात. पैसा लागत नाही, आणि शेतवालाही खूश. फिनेल शिंपडून ही अंडी मरत नाहीत, कवच टणक असतं. ऊन आणि कोरडेपणा हेच त्यांचे वैरी, म्हणून सावलीपेक्षा सकाळचं ऊन येणारी जागा निवडा.

कायमचा गोठा असेल तर जांभ्याची जमीन पावसाळ्यात पाझरते, तिथे जागा सरकवून उपयोग नाही. पोफळीच्या फाळ्यांचा माळा घाला, जमिनीपासून हात-दोन हात वर. फटी लेंडी पडेल पण कोकराचा खूर अडकणार नाही इतपत, साधारण बोटाएवढ्या. खर्चाचं म्हणाल तर वाडीतल्या पडलेल्या पोफळी आणि एका सुताराचा दिवस.

पाण्याचं भांडं टेकू देऊन वर ठेवा. कोकरं त्यात पाय घालतात, हगतात, आणि तेच पितात. गव्हाणीचंही तसंच. चारा जमिनीवर टाकू नका, झाडाला टांगा.

४. दिवसा कुठे चरतात?

भात कापल्यावर खाचराच्या खोलगट कोपऱ्यांत आणि पाटाच्या कडेला पाणी हळूहळू आटत जातं. तिथे हिरवं गवत टिकतं आणि कोकरं तिकडेच ओढली जातात. त्याच चिखलात गोगलगायी असतात. चपट्या कृमींचं अर्धं आयुष्य गोगलगायीत जातं. तिथून बाहेर पडलेली पिल्लं पाणी आटताना गवताच्या काडीला चिकटून कवच करून बसतात. कोकराने ती काडी खाल्ली की झालं.

यात दोन जाती इथे त्रास देतात. एक यकृतात जाते. दुसरीची मोठी कृमी ओटीपोटाच्या भिंतीला चिकटून निवांत राहते, फारसं बिघडवत नाही, पण तिची पिल्लं आधी लहान आतड्यात राहतात आणि तिथली कातडी ओरबाडतात. ती घाण वासाची पिचकारी हगवण या पिल्लांची. पिल्लं अंडी घालत नाहीत, त्यामुळे शेण तपासायला दिलं तर अहवाल येतो ‘अंडी नाहीत’, आणि मालक म्हणतो जंत नाहीत, दुसरंच काहीतरी आहे. असा कोरा अहवाल आणि मरायला टेकलेली कोकरं घेऊन लोक पावडरीकडे वळतात. डॉक्टरांना खाचराचं सांगितलंत तर ते अहवालावर अडून बसणार नाहीत.

उपाय: ओल्या कोपऱ्याला काट्यांची आडवण. सकाळी दव उडेपर्यंत कोकरं सोडू नका. गोल जंतांची पिल्लं ओल्या गवताच्या बुडाच्या दोन-तीन बोटांत असतात. झाडपाला खाणाऱ्या शेळीला म्हणूनच हा त्रास कमी, ती मान वर करून खाते. जमिनीलगत कुरतडणारी मेंढी सापडते.

५. आता डबा

वरचं सगळं करूनही लेंडी सैल राहत असेल, कोकरू खातंपितं असेल, ताप नसेल, पापणी गुलाबी असेल, तर पावडरीला जागा आहे. पण आधी डब्यामागचं वाचा.

त्यात तांबं किंवा मोरचूद आहे का? मेंढीला तांबं सोसत नाही. ते यकृतात साठत जातं, महिनोन्‌महिने काही दिसत नाही, मग एक दिवस कोकरू पिवळं पडतं, लघवी काळपट होते आणि संपतं. गाईचं किंवा कोंबड्यांचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नका ते यासाठीच. शेळी त्या मानाने जास्त तांबं झेलते, म्हणून शेजारच्या शेळीवाल्याचा अनुभव इथे उपयोगी नाही. घटकच लिहिलेले नसतील तर डबा परत करा, विकणारा कितीही ओळखीचा असो.

या पावडरींचा एवढा बोलबाला का झाला तेही सांगतो. जनावरं लवकर वाढावीत म्हणून खाद्यात रोज थोडं प्रतिजैविक घालायची पद्धत होती. युरोपीय संघाने ती १ जानेवारी २००६ पासून बंद केली, आणि त्या जागी काय घालायचं म्हणून वनस्पतींचे अर्क, तेलं, टॅनिन यांच्यावर जोरात काम सुरू झालं. म्हणजे यामागे शास्त्र आहे. फक्त ते डब्यावरच्या जाहिरातीइतकं सरळ नाही.

तुरटपणा म्हणजे टॅनिन. जांभूळ, ऐन, खैर, बाभूळ, आंब्याचा पाला चावून बघा, जीभ आवळते. तसंच हे टॅनिन ओटीपोटात प्रथिनांना आवळून धरतं, ती तिथे कुजत नाहीत आणि पुढे आतड्यात कोकराच्या कामी येतात. जंतांच्या पिल्लांनाही त्याने थोडा त्रास होतो. पण प्रमाण चढलं की भूक मरते, वाढ थांबते. शेळीला तुरट पाला जितका पचतो तितका मेंढीला पचत नाही. म्हणून रोज एखादी डहाळी टांगा, गवत थांबवून पाल्यावर ठेवू नका.

ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल जंतूंना आवरतं. कोणते जंतू, हा त्याला भेद नाही. जास्त घातलं तर चारा पचवणारे उपयोगी जंतूही मरतात आणि पोट आणखी बिघडतं. लसणाने मेंढीचे जंत पडतात यावर भिस्त ठेवू नका. पळसपापडी आणि वावडिंग जुनी जंताची औषधं आहेत, पण बी किती जुनं, दळलेलं कसं, यावर गुण बदलतो. पापणी पांढरी असलेल्या कोकरावर त्यांचा प्रयोग करायचा नसतो.

कुड्याची साल आणि डाळिंबाची साल यांनी शेण बांधतं, हे खरं. ते बांधलं म्हणजे कारण गेलं असं मात्र नाही. कॉक्सिडिया आतडं खात असताना वरून शेण घट्ट दिसलं तर आपण चार दिवस गाफील राहतो, आणि ते चार दिवसच महत्त्वाचे असतात. जायफळ उगाळून देणाऱ्या आज्या इथे घरोघरी आहेत. बाळगुटीएवढं असेल तोवर ठीक, अख्खं जायफळ किसून पाजलं तर कोकरू झिंगतं.

वयही बघा. जन्मलेल्या कोकराचं ओटीपोट कामच करत नसतं. दूध प्यायलं की ते एका खाचेतून सरळ चौथ्या कप्प्यात जातं. ओटीपोट चालू व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. दोन आठवड्यांच्या कोकराला ‘ओटीपोट सुधारणारी’ पावडर दुधात कालवून पाजणं म्हणजे पैसे पाण्यात.

पावडर खरंच लागू पडते का हे बघायचं असेल तर सगळ्यांना एकदम देऊ नका. सारख्या वयाची कोकरं निम्मी करा, अर्ध्यांच्या पाठीवर रंग लावा, त्यांनाच पावडर द्या, हाताने, मूठभर भरड्यात. बाकी वाघर, चारा, पाणी तेच. पहिल्या दिवशी आणि तीन आठवड्यांनी ताणकाट्यावर वजन. खाण्याने लागलेली हगवण तीन दिवसांत आपोआप थांबते आणि श्रेय डब्याला जातं. रंग लावलेल्यांत आणि बाकीच्यांत फरकच नसेल तर पुढचा डबा आणू नका.

६. शेण तपासणी आणि जंताचं औषध

जमिनीवरचं नको. ताजं, गुदद्वारातून, स्वच्छ पिशवीत, चार-पाच कोकरांचं वेगवेगळं. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात द्या. तोवर सावलीत थंड ठेवा. अहवालात कॉक्सिडियाची थोडी अंडी लिहून येतील, ती बहुतेक कोकरांत असतात. संख्या किती आणि कोकरू कसं दिसतंय हे मिळून डॉक्टर ठरवतील.

जंताचं औषध स्वतःच्या मनाने फिरवत बसू नका. आयव्हरमेक्टिन चपट्या कृमींना लागू पडत नाही. अल्बेंडाझोल यकृतातल्या फक्त मोठ्या कृमींवर चालतं, पिल्लांवर नाही, आणि नुकत्याच गाभण राहिलेल्या मेंढीला ते द्यायचं नसतं. कॉक्सिडिया तर जंतच नव्हे, त्यावर यातलं एकही औषध चालत नाही. त्याचं औषध वेगळं, ते डॉक्टरांनीच लिहून द्यायचं. डोस वजनावर, आणि वजन अंदाजाने नाही. ‘अर्धं झाकण दिलं’ अशाने जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात. औषधानंतर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा शेण तपासा. अंडी तेवढीच असतील तर ते औषध तुमच्या कळपात संपलं.

इथे थांबा, डॉक्टर बोलवा

शेणात रक्त. कोकरू उभं राहत नाही किंवा चोखत नाही. डोळे खोल. सकाळचा ताप १०४ च्या वर, किंवा अंग गार. पापणी पांढरी. एका दिवसात दोन कोकरं गेली. मान मागे टाकणं, आंधळ्यासारखं धडकणं. नाकातून घट्ट शेंबूड, तोंडात फोड आणि हगवण एकत्र, म्हणजे पीपीआरचा, मेंढ्या-शेळ्यांच्या साथीच्या रोगाचा, संशय. मग कळप हलवू नका, कोकरं विकू नका, दुसऱ्या वाड्यात मिसळू देऊ नका. यातलं एकही दिसलं तर वरची यादी बाजूला ठेवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा मोफत नंबर आहे.

डॉक्टर येईपर्यंत आईचं दूध तोडू नका. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. दहा किलोच्या कोकराला एका वेळी पाव लिटरपर्यंत, दिवसातून चारदा, दुधाच्या वेळेला नाही. कोकरू स्वतः गिळत असेल तरच. आडव्या पडलेल्याच्या तोंडात बाटली ओतलीत तर पाणी फुफ्फुसात जाईल. आजवर दिलेल्या सगळ्या औषधांची वेष्टणं आणि तो डबासुद्धा काढून ठेवा.

कोकरू मेलं तर लगेच दवाखान्यात नेऊन शवविच्छेदन करून घ्या. इथल्या उकाड्यात काही तासांत आतडं कुजतं, मग काही कळत नाही. उरलेला कळप वाचवायला याहून स्वस्त तपासणी नाही. नंतर चुना टाकून खोल पुरा. पऱ्यात टाकू नका, खाली कोणाचं तरी पाणी असतं.